वडिलांची 80-200 झूम लेन्स जड झालीय, घरी उघडू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची निकॉनची जुनी मॅन्युअल झूम, 80-200 एफ 4.5, रत्नागिरीच्या घरी कपाटात चामड्याच्या पेटीत पंधरा-सोळा वर्षं पडून होती, आता हातात घेतलीत तर फोकस रिंग जोर लावून फिरवावी लागते, लेन्स खाली केली की झूम आपोआप घसरतो, आणि मागची छोटी पट्टी दाबून सोडली की अपर्चरची पाती, म्हणजे आतलं प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारी पाती, फटकन न मिटता सावकाश मिटतात. ओळखीचे कुणीतरी म्हणाले डब्ल्यूडी-40 मार, मोकळी होईल. तर ते मारू, की उघडून ग्रीस भरू, आणि भरायचं तर कुठलं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एकच सांगतो, डब्ल्यूडी-40 मारू नका, थेंबभरसुद्धा नको. गंजलेला बोल्ट सोडवायला ते चांगलंय, पण लेन्समध्ये ते दोन मिनिटं रिंग मोकळी करतं आणि मग जुन्या ग्रीसला पातळ करून सगळीकडे नेतं, पात्यांवर, काचांवर, सगळीकडे. माझ्याकडे असे लेन्स येतात तेव्हा कुणी काय मारलंय ते वासावरूनच कळतं आणि मग साधं दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं.

आता मूळ गोष्ट. तुम्ही कुठलं ग्रीस भरू म्हणून विचारताय, पण त्याच्या आधी जुनं ग्रीस कुठे गेलं ते बघायला हवं. ग्रीस म्हणजे तेल आणि त्या तेलाला धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ, स्पंजात पाणी असतं तसं. लेन्स वर्षानुवर्षं एकाच जागी पडून राहिली, त्यात कोकणातले उन्हाळे खाल्ले, की तेल हळूहळू सुटतं आणि मागे नुसता साबण उरतो, तो आट्यांमध्ये मेणासारखा घट्ट बसतो. म्हणून तुमचा फोकस जड. आणि सुटलेलं तेल कुठे जातं, तर धातूवरून सरकत सरकत पात्यांवर येऊन बसतं, पाती एकमेकांना चिकटतात, म्हणून सावकाश मिटतात. म्हणजे या दोन तक्रारी एकाच आजाराच्या आहेत. झूम घसरतो ती तिसरी तक्रार मात्र वेगळी आहे, तिथे ग्रीस कमी पडलेलं नसतं, तिथे घर्षण कमी पडलेलं असतं. हे नीट लक्षात घ्या कारण घरी लेन्स उघडणारे बहुतेक जण इथेच फसतात, एकच ग्रीस घेतात आणि सगळीकडे लावतात. फोकसच्या आट्यांना ग्रीस लागतं, झूमच्या नळीला पकड लागते, आणि पाती पूर्ण कोरडी लागतात.

घरी करावं की नाही हे दोन-तीन गोष्टींवर आहे. पहिली, लेन्स लावणार कशावर. वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यावर किंवा निकॉनच्या डीएसएलआरवर लावणार असाल तर पाती चपळ पाहिजेतच, कारण तिथे पाती सगळा वेळ पूर्ण उघडी असतात आणि बटण दाबल्यावर त्या क्षणात मिटतात, उशीर झाला की फोटो पांढरा होतो, एफ 16 ला जास्त आणि एफ 5.6 ला थोडा. मिररलेसवर साधा अॅडॉप्टर लावून वापरणार असाल तर पाती आधीच मिटलेली असतात, सावकाश मिटली तरी फोटोला फरक पडत नाही, मग तेवढ्यासाठी लेन्सच्या पोटात शिरायची घाई नको. दुसरी गोष्ट काचा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, कडेने तेलकट इंद्रधनुष्यासारखा पट्टा किंवा बर्फाच्या फुलासारखी नक्षी दिसली तर दोन काचांमधलं चिकट सुटायला लागलंय. ते चिकट सुटलं असेल तर घरी काही होत नाही, तिथेच थांबा. बुरशी पहिल्या किंवा शेवटच्या काचेवर असेल तर साफ होते, मधल्या गटांत असेल तर तुमच्या पहिल्या लेन्सवर तो प्रयोग करू नका. आणि तिसरी, लेन्स कधी पडली होती का. पुढच्या कडेला पोचा असेल तर जडपणा ग्रीसचा नाही, नळी वाकलीय.

तुमच्या वर्णनावरून पोचा नाही, काचा स्वच्छ वाटतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी म्हणेन की करा. फक्त उघडायला हीच तुमची पहिली लेन्स नको. जुन्या बाजारात एखादी बुरशी लागलेली 50 किंवा 135 मिलिमीटरची साधी, झूम नसलेली मॅन्युअल लेन्स मिळाली तर घ्या, मुंबईत असाल तर बोराबाजारात चक्कर मारा, ती दोनदा उघडा, दोनदा जोडा, आणि मग वडिलांचीला हात लावा. ही लेन्स 1977 नंतरची असेल तर आत 12 काचा आहेत, त्याआधीच्या डिझाइनमध्ये 15 होत्या, दोन्हीत एकच रिंग फिरवून फोकस आणि तीच पुढेमागे सरकवून झूम. ही जात मजबूत आहे, पण काचांचे गट एकमेकांच्या हिशोबात बसवलेले असतात, म्हणून मधल्या गटांना हात न लावता जेवढं होतं तेवढंच करायचं.

हत्यारांत सगळ्यात महत्त्वाचा स्क्रू ड्रायव्हर. जपानी लेन्सचे चौफुलीचे स्क्रू हे आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा वेगळ्या मापाचे असतात, जेआयएस म्हणतात त्यांना. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की उचलून बाहेर येतं आणि स्क्रूचं डोकं गोल करून ठेवतं. एकदा गोल झालं की मग ड्रिल करावं लागतं. जेआयएसचे 0 आणि 00 नंबर घ्या, दोन पुरतात. मग दोन टोकांचा लेन्सचा पाना, खाचांच्या रिंगा फिरवायला. पुढची नावाची रिंग असते तिला बहुतेक वेळा खाच नसते, ती रबराने दाबून फिरवायची, खुर्चीच्या पायाला घालायचं रबरी बूच योग्य मापाचं मिळालं तर उत्तम. टूथपिक, इअर बड, न झडणारं कापड, चिमटा, बारीक टोकाचं काहीतरी खुणा कोरायला, आणि बर्फाचा ट्रे, ज्यात प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या खणात. स्क्रू दिसायला सारखे असतात पण एखादा अर्धा मिलिमीटर लांब असतो आणि तो चुकीच्या भोकात गेला की आतली नळी अडकते.

धुवायला लायटरमध्ये भरायचं फ्लुइड. ते तेल-ग्रीस विरघळवतं आणि मागे काही ठेवत नाही. गाडीचं पेट्रोल नको, त्यातली रसायनं मागे राहतात आणि वासही जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल काचेला ठीक आहे पण ग्रीसवर ते फारसं चालत नाही. अॅसिटोन रंग आणि प्लास्टिक खातं, ते फक्त स्क्रूवरचं लाख सोडवायला, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढंच. लायटरचं फ्लुइड भयंकर पेट घेतं हे मी आवर्जून सांगतो, खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवासुद्धा शेजारच्या खोलीत नको.

आता उघडताना. रिंगवरचं रबर आधी काढायचं, टूथपिक किंवा आइसक्रीमची काडी त्याच्याखाली घालून हळूहळू गोल फिरवा, ओढू नका, जुनं रबर ताणलं की सैल होऊन बसतं. रबराखाली साधारणपणे टेप असते आणि टेपखाली स्क्रू किंवा भोकं. प्रत्येक पायरीला फोटो काढा, काढायच्या आधी आणि काढल्यावर, आणि फोटोत लेन्सची वरची मधली खूण दिसली पाहिजे, नाहीतर नंतर फोटो बघून काहीच कळत नाही. स्क्रू हलत नसेल तर त्यावर लाख आहे, अॅसिटोन टेकवा, पाच मिनिटं थांबा, नाहीतर सोल्डरिंगची गरम टीप डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा. जोर हा शेवटचा उपाय नाही, जोर हा उपायच नाही.

खरं काम हेलिकॉइडचं, म्हणजे एकमेकांत फिरणाऱ्या फोकसच्या आट्यांच्या नळ्यांचं. अशा झूममध्ये पुढचा काचांचा गट आट्यांवर फिरत पुढेमागे होतो आणि त्यानेच फोकस होतो. हे आटे बाटलीच्या झाकणासारखे एका सुरुवातीचे नसतात, एकाच वेळी चार, सहा किंवा त्याहून जास्त सुरुवाती असतात, म्हणजे नळी चार-सहा ठिकाणांहून आत शिरू शकते आणि त्यातली एकच बरोबर असते. बाकीच्या ठिकाणांहूनही ती तितकीच छान फिरते, म्हणून चूक जोडताना कळत नाही, सगळं बंद करून कॅमेऱ्यावर लावल्यावर कळते की डोंगरावर फोकसच येत नाही.

मी सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाची 135 अशीच खूण न करता वेगळी केली होती. सहा सुरुवाती होत्या. संध्याकाळी सातला बसलो, एकेक करून लावून बघत, प्रत्येक वेळी पुन्हा सगळं जोडून कॅमेऱ्यावर तपासत, तिसऱ्या रात्री बरोबर जागा सापडली, आणि तोवर तीनदा लावलेलं ग्रीस तीनदा धुवून झालं होतं. तेव्हापासून मी रिंगला टोकाला अडवणारा स्क्रू काढण्याआधी रिंग अनंतावर, म्हणजे सर्वात लांबच्या फोकसवर, आणतो आणि दोन्ही नळ्यांवर समोरासमोर एक रेघ कोरतो. मग स्क्रू काढून नळी अगदी सावकाश उलटी फिरवत नेतो, एका हाताने तोलून, फेरे मोजत, आणि ज्या क्षणी आटे सुटतात, हाताला एक बारीकसा टप्पा लागतो, तिथे थांबून दोन्हीवर दुसरी रेघ, आणि तिथला फोटो. मार्करने केलेली खूण धुताना जाते, म्हणून कोरायचीच, आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी. या दोन रेघा आणि फेऱ्यांची संख्या वहीत लिहिली की निम्मं काम झालं असं समजा.

वेगळं झाल्यावर आटे बघा. पितळेच्या बाजूला ग्रीस हिरवट दिसेल, तो तांब्याचा गुण आहे, अॅल्युमिनियमच्या बाजूला काळपट. मला ते बघितलं की कळतं लेन्स आधी कुणी उघडलीय का, कारण हिरवट आणि पांढरं दोन्ही एकत्र दिसलं की जुन्यावरच नवीन भरलेलं असतं. टूथपिकने खाचेतून मळी काढा, मग कापड लायटर फ्लुइडमध्ये भिजवून पुसा, पुन्हा पुसा, पांढऱ्या कापडावर डाग येणं थांबेपर्यंत. लोखंडी ब्रश नको. काचेचा गट नळीतून सहज वेगळा निघत असेल तर आधी काढून ठेवा, निघत नसेल तर फ्लुइड ओतू नका, काचांच्या कडेला काळा रंग लावलेला असतो तो सुटतो आणि मग आत कायमची पांढरी कड दिसत राहते. धुतल्यावर कोरडेच आटे एकमेकांत फक्त एक-दोन फेरे फिरवून बघा. कुठे अडकत नसेल तर नळी सरळ आहे.

आता ग्रीस. दुकानात ग्रीसवर एनएलजीआयचा, म्हणजे घट्टपणाचा नंबर असतो, 2 म्हणजे नेहमीचं गाडीचं ग्रीस एवढं घट्ट. पण तो नंबर ग्रीस डब्यात किती घट्ट उभं राहतं एवढंच सांगतो, लेन्सच्या रिंगला जो लोण्यासारखा रेशमी जडपणा हवा असतो तो आतल्या तेलाच्या दाटपणामुळे येतो, आणि तो नंबरावरून कळत नाही. म्हणून गाडीचं लिथियम ग्रीस लावलेली लेन्स पहिल्या दिवशी मोकळी, जरा जास्तच मोकळी लागते, आणि दोन-चार वर्षांत पुन्हा तेल सोडते. हेलिकॉइडसाठी म्हणून जे डॅम्पिंग ग्रीस विकतात ते ऑनलाइन घ्या, हलकं, मध्यम, जड असं मिळतं. या लेन्सचा पुढचा गट वजनदार आहे आणि आटे मोठे आहेत, मोठ्या व्यासावर ग्रीस आपोआप जास्त जड लागतं, म्हणून मी हलकं किंवा मध्यम घेईन. तुम्ही थंडीत उत्तरेकडे पक्षी टिपायला जाणार असाल तर हलकंच, जड ग्रीस पुण्यात मे महिन्यात सुंदर वाटतं आणि हिमालयात सकाळी रिंग हलत नाही.

किती लावायचं, तर तांदळाच्या एका दाण्याएवढं एका नळीला. बोटाच्या टोकावर घ्या, आट्यांवर गोल फिरवत पसरा, आटे ओले चकाकले पाहिजेत पण खाचा भरलेल्या दिसायला नकोत. मग नळी खुणेवर लावा, आत न्या, पूर्ण आत-बाहेर दहा वेळा फिरवा, आणि कडेला जे बाहेर येईल ते पुसून टाका. जास्त ग्रीस म्हणजे जास्त मऊ असं होत नाही, जास्त ग्रीस म्हणजे पाच वर्षांनी पात्यांवर जास्त तेल. फिरवून जड वाटली तर धुवून कमी लावा, हलकी वाटली तर थोडं जड ग्रीस मिसळा. मी आजही पहिल्या फेरीत बरोबर जमेल असं धरत नाही.

झूमच्या घसरण्याकडे येऊ. ही खोड या जातीच्या सगळ्याच झूमना आहे, निकॉनच्याच सीरीज ई 75-150 एफ 3.5 ला तर फारच. सरकणारी बाहेरची नळी आणि आतली नळी यांच्यात पकड राहावी म्हणून कुठे मखमली किंवा फेल्टच्या पट्ट्या असतात, कुठे नुसतं जाड ग्रीस आणि मापाची जुळणी, उघडल्यावर दिसेल काय आहे ते. आधी जुनं तेल पुसून नळी कोरडी करा आणि तशीच बसवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच निम्मी घसरण थांबते. नाही थांबली तर आतल्या नळीवर, सरकते त्या दिशेने, एकमेकांपासून सारख्या अंतरावर तीन अरुंद पट्ट्या चिकटवा, पातळ चिकट फेल्ट किंवा साधी चांगली टेप. एका बाजूला एकच पट्टी लावली तर नळी तिरकी होते. त्याच वेळी झूमच्या खाचेत फिरणारे छोटे बुश बघून घ्या, नायलॉनचे असतील आणि तडकले असतील तर झूम करताना प्रतिमा उडी मारते. ते बुश धरणारे स्क्रू उगाच सोडू नका, काहींचा मध्य मुद्दाम बाजूला ठेवलेला असतो आणि त्यावर काचांची जुळणी असते. हे सगळं नको असेल तर बाहेरून रुंद रबरबँड, अर्धा रिंगवर अर्धा नळीवर, तोही चांगला चालतो आणि मी अनेकांना तोच सांगतो.

पाती शेवटी, कारण तिथे हात जितका कमी लागेल तितकं बरं. मागच्या बाजूने जाताना माउंटचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या कडीचे, स्क्रू सुटले की अपर्चर रिंगखाली टकटक आवाज देणारी मोहरीएवढी स्टीलची गोळी असू शकते, ती स्प्रिंगवर बसलेली असते आणि उडाली की सापडत नाही, म्हणून लेन्स एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरून रिंग उचला. मागचा काचांचा गट पाना लावून एकसंध बाहेर येत असेल तर पाती समोर दिसतात. पाती सुटी करायची नाहीत, अजिबात नाहीत. एफ 16 वर ठेवून इअर बडने लायटर फ्लुइडचे दोन थेंब सोडा, पट्टी तीस-चाळीस वेळा उघडझाप करा, टिश्यूच्या टोकाने टिपा, मिटलेल्या पात्यांवर पुन्हा तेच. टिश्यूवर तेलाची कड उमटत नाही तोवर, तीन-चार वेळा तरी करावं लागतं. ओली असताना पाती आणखी चिकटतात, त्याने घाबरू नका, रात्रभर सुकू द्या. सुकल्यावर पट्टी दाबून सोडली की डोळ्याला मधला टप्पा दिसता कामा नये.

जोडून झालं की अनंताचा फोकस. साध्या लेन्सला एकदा तपासलं की संपलं, झूमला दोन टोकं आहेत. आधी 200 वर जा, पाच-सहा किलोमीटर लांबचं काहीतरी टोकदार घ्या, मी आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर घेतो, रात्री चंद्र चालतो. लाइव्ह व्ह्यू मोठा करून, एफ 4.5 वर, सर्वात स्पष्ट दिसेपर्यंत पुढचा गट रिंगच्या मानाने सरकवा, रिंग अनंताच्या खुणेवर ठेवून. मग रिंगला हात न लावता 80 वर या. तिथेही स्पष्ट दिसलं तर स्क्रू आवळा, काम झालं. 80 ला मऊ आणि 200 ला स्पष्ट असेल तर मागचा गट किंवा माउंटखालचा एखादा पातळ वायसर जागचा हललाय. माउंटखालून निघालेले वायसर त्याच क्रमाने आणि त्याच बाजूने परत गेले पाहिजेत, कागदासारखे पातळ असतात म्हणून लोक ते ग्रीससोबत पुसून टाकतात. सगळे वायसर जागेवर असूनही जुळत नसेल तर कारागिराकडे द्या, त्याच्याकडे कॉलिमेटर, म्हणजे अनंताचा फोकस तपासायचं यंत्र, असतो आणि त्याचं ते अर्ध्या तासाचं काम आहे.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. पहिल्या रविवारी फक्त फोकसचं हेलिकॉइड, जोडून अनंत तपासायचा. तो बरोबर आला तर दुसऱ्या रविवारी झूमच्या पट्ट्या. पाती तिसऱ्यांदा, आणि मिररलेसवरच वापरणार असाल तर नाही केलं तरी चालेल. तिन्ही एका दमात उघडलंत आणि शेवटी फोकस चुकला तर चूक कुठे झाली ते शोधता येत नाही.

आणि ती चामड्याची पेटी. वडिलांची आठवण म्हणून ठेवा पण लेन्स तिच्यात परत घालू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशीला ते आवडतं. रत्नागिरीत पावसाळ्यात तर हवाबंद डबा, आत सिलिका जेल, रंग बदलणारं घ्या म्हणजे कधी तापवायचं ते दिसतं. महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढून फोकस आणि झूम पूर्ण टोकापासून टोकापर्यंत दहा वेळा फिरवा, ग्रीस एका जागी बसत नाही. आणि पाती धुतलीत तर पंधरा दिवसांनी पुन्हा ती पट्टी दाबून सोडून बघा, आत कुठेतरी उरलेलं तेल असेल तर ते तेवढ्या दिवसांत पात्यांवर परत येतं, तेव्हा अजून एकदा धुवायला लागेल.